खडू शिष्याच्या हाती देणारा गुरू

दरवर्षी ऑगस्ट उजाडला, की पुण्या-मुंबईतून, नाशिक-नागपुरातून अमेरिकेच्या विद्यापीठांत दाखल झालेल्या आपल्याकडच्या अनेक मुलामुलींवर एक अनपेक्षित जबाबदारी येऊन पडते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा गणित या विषयात पीएच.डी.साठी प्रवेश मिळालेला असतो, शुल्क माफ झालेले असते आणि महिन्याकाठी पोटापुरते विद्यावेतनही ठरलेले असते. परंतु त्याच्या मोबदल्यात पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवावयाचे असते. कुणाच्या वाट्याला कलनशास्त्राचा तास येतो, कुणाच्या वाट्याला प्रयोगशाळा. टीचिंग असिस्टंट, म्हणजेच अध्यापन-साहाय्यक, असे या पदाचे नाव. इंग्रजी बोलण्याची चाचणी होते, थोड्याफार दिवसांचे प्रशिक्षण होते, आणि कालपर्यंत बाकावर बसून टिपणे उतरवून घेणारा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहतो.

विषय येणे आणि विषय शिकवता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याला त्या पहिल्या तासातच कळून चुकते. पहिल्या गोष्टीची विद्यापीठे कसून परीक्षा घेतात. दुसरी मात्र दीर्घकाळ गृहीतच धरली गेली. शाळेत शिकवावयाचे तर बी.एड. हवे, पण महाविद्यालयात शिकवणाऱ्याला अध्यापनाचे वेगळे शिक्षण लागत नाही, ही समजूत आपल्याकडेही आहे आणि तिकडेही होती. मग विद्यापीठातील शिक्षक घडतो तरी कसा? आणि त्या घडणीची संधी कोणाला द्यावयाची, हे कोण ठरवते? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू गेल्यास गेल्या शतकातील एका विलक्षण आणि तितक्याच वादग्रस्त गणितज्ञाच्या आयुष्यापाशी थांबावे लागते. त्याचे नाव रॉबर्ट ली मूर.

मूर यांनी टेक्सास विद्यापीठात १९२० ते १९६९ अशी एकोणपन्नास वर्षे अध्यापन केले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली ५० जणांनी पीएच.डी. मिळवली. त्यांच्या शिष्यांपैकी तिघे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले आणि पाच जण मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिका या गणिताच्या अध्यापनाला वाहिलेल्या संस्थेचे. अध्यापनशास्त्रावर त्यांनी एकही ग्रंथ लिहिला नाही. तरीही त्यांची शिकवण्याची रीत आज जगभर मूर पद्धती या नावाने ओळखली जाते. आणि याच मूर यांनी आपल्या वर्गाचे दार काही विद्यार्थ्यांना केवळ त्यांच्या कातडीच्या रंगामुळे बंद ठेवले. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि एकीच्या गौरवात दुसरी झाकून ठेवता येत नाही.

मूर यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८८२ रोजी टेक्सासमधील डॅलस शहरात झाला. वडील मूळचे उत्तरेकडील कनेक्टिकटचे. परंतु यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढण्यासाठी ते दक्षिणेत आले आणि पुढे डॅलसमध्ये दुकान थाटून स्थायिक झाले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेचा पराभव होऊन मूर यांच्या जन्मसमयी सतरा वर्षे लोटली होती. पण त्या पराभवाची सल आणि वर्णभेदाची चौकट त्या प्रदेशातील घराघरांत शाबूत होती. मूर लहानाचे मोठे झाले ते त्याच वातावरणात.

मुलगा हुशार होता आणि एककल्लीही. विद्यापीठात जाण्यापूर्वीच त्याने कलनशास्त्राचे पाठ्यपुस्तक मिळवून स्वतःच अभ्यास सुरू केला. त्याची अभ्यासाची रीत मोठी न्यारी होती. प्रमेयाचे विधान तेवढे वाचावयाचे आणि खालची सिद्धता कागदाने झाकून ठेवावयाची. मग ती स्वतः शोधून काढण्याची खटपट करावयाची. अगदीच अडले, तर कागद एक ओळ खाली सरकवावयाचा, तेवढीच ओळ पाहावयाची आणि पुन्हा झाकून टाकावयाचे. जी सिद्धता संपूर्ण उघडी करावी लागली, ती त्याच्या लेखी हार होती. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत मूर यांनी वर्गात जे केले, त्याचे मूळ त्या झाकलेल्या पानांत आहे.

१८९८ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांना जॉर्ज ब्रूस हॉल्स्टेड हे भूमितीचे नामांकित आणि तितकेच फटकळ प्राध्यापक भेटले. डेव्हिड हिल्बर्ट या जर्मन गणितज्ञाने १८९९ मध्ये भूमितीची नव्याने मांडणी करताना काही गृहीतके पायाभूत म्हणून मांडली होती. हॉल्स्टेड यांनी या कोवळ्या विद्यार्थ्यापुढे त्या गृहीतकांसंबंधीचा एक प्रश्न टाकला. त्यांतील एक गृहीतक मुळात अनावश्यक आहे, ते उरलेल्या गृहीतकांवरून सिद्ध करता येते, असे मूर यांनी १९०२ मध्ये दाखवून दिले. विशीही न गाठलेल्या मुलाने युरोपातील अग्रगण्य गणितज्ञाच्या रचनेतील एक वीट सहज काढून दाखवली होती.

एवढे झाल्यावर याच विद्यापीठात त्यांना कनिष्ठ शिक्षकाची जागा मिळेल, असे हॉल्स्टेड यांना वाटत होते. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी मात्र ती दुसऱ्या उमेदवाराला दिली. हॉल्स्टेड यांनी या अन्यायाविरुद्ध जाहीरपणे लिहिले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचीच नोकरी गेली. त्यामागे इतरही कारणे असली, तरी हे प्रकरण त्यांपैकी एक मानले जाते. तेव्हा ज्याच्याजवळ सर्वांत अधिक गुणवत्ता आहे, त्याच्या हाती खडू पडतोच असे नाही, हा अनुभव मूर यांनी स्वतः विशीच्या उंबरठ्यावर घेतला होता. पुढील आयुष्यात ते स्वतः दार राखणारे झाले, तेव्हा या अनुभवाने त्यांना काय शिकवले, हा प्रश्न वाचकाच्या मनात राहून राहून येतो.

एक वर्ष मूर यांनी टेक्सासमधील मार्शल गावी शाळेत शिकवले. त्यानंतर शिकागो विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. तेथील गणित विभागाचे प्रमुख एलियाकिम हेस्टिंग्ज मूर यांच्याशी आडनावापलीकडे त्यांचे काही नाते नव्हते. मात्र हिल्बर्टच्या गृहीतकाबाबत तेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. शिकागोतील व्याख्याने ऐकताना तरुण मूर यांना कंटाळा येई. मग ते एक खेळ खेळत. प्राध्यापकांनी प्रमेय सांगितले, की त्यांची सिद्धता पूर्ण होण्याआधी आपण मनात ती गाठावयाची. ओस्वाल्ड व्हेब्लेन यांच्या मार्गदर्शनाखाली १९०५ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. पुढची काही वर्षे टेनेसी, प्रिन्स्टन आणि नॉर्थवेस्टर्न अशा भटकंतीत गेली, आणि १९११ मध्ये ते फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्थिरावले.

मूर पद्धतीने बाळसे धरले ते या विद्यापीठात. पदव्युत्तर वर्गाला भूमितीचा पाया शिकवताना मूर यांनी व्याख्यान देणे सोडून दिले. आपण लहानपणी कागदाने सिद्धता झाकत होतो, तसे आता संपूर्ण पुस्तकच झाकून ठेवले तर काय होईल, असा तो प्रयोग होता. तेथे त्यांच्या हाताखाली तिघे तयार झाले. त्यांतले पहिले जॉन रॉबर्ट क्लाइन, ज्यांना १९१६ मध्ये पीएच.डी. मिळाली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. या कथेत ते पुन्हा येणार आहे.

१९२० मध्ये मूर टेक्सास विद्यापीठात परतले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. टोपॉलॉजी हा त्यांचा विषय. आकार ताणला, वाकवला, पण फाडला किंवा चिकटवला नाही, तर त्याचे कोणते गुणधर्म टिकून राहतात, याचा विचार करणारी ही गणिताची शाखा त्या काळी नुकतीच आकार घेत होती. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेले होते. असे असूनही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना कलनशास्त्र शिकवणे त्यांनी कधी कमी प्रतीचे मानले नाही. उद्याचा संशोधक आज त्याच बाकांवर बसलेला असतो, याची त्यांना जाणीव होती.

त्यांच्या पदव्युत्तर वर्गात काय चालत असे? पहिल्या दिवशी मूर फळ्यावर थोडी गृहीतके आणि व्याख्या मांडत. त्यानंतर काही प्रमेयांची नुसती विधाने देत. ती सिद्ध करणे हे विद्यार्थ्यांचे काम. पुस्तक उघडावयाचे नाही, ग्रंथालयात जाऊन शोधावयाचे नाही, एकमेकांना विचारावयाचे नाही आणि वर्गाबाहेरच्या कोणाकडून मदत घ्यावयाची नाही. विषयाची आधीच माहिती असलेल्या विद्यार्थ्याला ते दुसऱ्या वर्गात पाठवून देत, कारण त्यांना सर्वांची सुरुवात एकाच रेषेवरून व्हावयास हवी होती. पुढच्या तासाला ते एकेकाचे नाव घेऊन फळ्यापाशी बोलावत, आणि या क्रमात एक खुबी होती. तोवर ज्याला सर्वांत कमी जमले आहे, त्याला प्रथम संधी. हुशार विद्यार्थ्याची पाळी शेवटी येई.

फळ्यापाशी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला आपली सिद्धता पायरी-पायरीने सर्वांना पटवून द्यावी लागे. वर्गातील कोणीही शंका काढू शके. मूर स्वतः मागे बसून ऐकत. चूक आढळली तरी ती लगेच दाखवत नसत. एखादाच नेमका प्रश्न विचारत. उत्तर न सुचल्यास विद्यार्थी खाली बसे आणि तेच प्रमेय पुढच्या तासालाही त्याची वाट पाहत असे. एखादी सिद्धता दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयाची नाही, आपली आपणच शोधावयाची, असे ज्याने ठरवले असेल, तो सरळ उठून वर्गाबाहेर जाई. असे बाहेर जाणे मूर यांच्या वर्गात अभिमानाचे समजले जाई.

संशोधक घडवण्याची ही रीत शिक्षक घडवण्याचीही रीत होती, आणि तिचे हे अंग सहसा ध्यानात येत नाही. विद्यार्थी वर्षानुवर्षे रोज फळ्यापाशी उभा राहत होता. आपल्याला कळलेली गोष्ट समोरच्याला कळेल अशी मांडणे, शंकेला तोंड देणे, न सुचल्यास गप्प राहण्याचे धैर्य दाखवणे, दुसऱ्याची चूक त्याचा अवमान न करता दाखवणे, ही सारी शिक्षकाची कामे तो विद्यार्थिदशेतच करत होता. शिवाय आपले गुरू कुठे बोलतात आणि कुठे मौन पाळतात, हेही तो पाहत होता. उमेदवाराने उस्तादाच्या हाताखाली राहून धंदा शिकावा, तशी ही शिकवणी होती.

त्यांचे पुष्कळसे शिष्य शिकत असतानाच विद्यापीठात शिकवतही होते. रेमंड वाइल्डर १९२१ मध्ये टेक्सासला आले ते इन्स्ट्रक्टर म्हणून. विमा व्यवसायातील गणित शिकावे, एवढाच त्यांचा बेत होता. हौस म्हणून त्यांनी मूर यांच्या वर्गात बसण्याची परवानगी मागितली. मूर यांनी ती जराशा नाखुशीनेच दिली, आणि नंतर या विमावाल्याकडे चक्क दुर्लक्ष केले. एके दिवशी वाइल्डर यांनी वर्गातील अतिशय कठीण असे एक प्रमेय सिद्ध केले, तेव्हा गुरूची नजर बदलली. पुढे मूर आणि क्लाइन या दोघांनाही न सुटलेला एक प्रश्न वाइल्डर यांनी सोडवला, आणि मूर यांनी तोच प्रबंध म्हणून लिहून काढावयास सांगितले. १९२३ मध्ये वाइल्डर यांना पीएच.डी. मिळाली. विमा कंपनीचा एक संभाव्य नोकर अमेरिकेतील आघाडीचा गणितज्ञ झाला.

आर एच बिंग यांची कथाही अशीच. टेक्सासमधील पॅलेस्टाइन नावाच्या गावी ते शाळेत गणित शिकवत आणि मुलांना फुटबॉलचे धडेही देत. उन्हाळी सुटीत विद्यापीठात येऊन ते अभ्यासक्रम पुरे करत. मूर यांनी त्यांच्यातील चमक हेरली आणि १९४२ मध्ये त्यांना विद्यापीठातच अध्यापनाची जागा मिळवून दिली. ती मिळाली नसती, तर संसारी शाळामास्तराला संशोधनाची वाट धरणे अवघडच होते. १९४५ मध्ये ते पीएच.डी. झाले, आणि लगोलग क्लाइन यांनी मांडलेला, अनेकांना चकवणारा गोलाच्या पृष्ठभागासंबंधीचा एक प्रश्न त्यांनी सोडवला. थोरल्या गुरुबंधूने घातलेले कोडे धाकट्याने उलगडले. अध्यापन-साहाय्यकाची एखादी साधी जागा एखाद्याच्या आयुष्याला कसे वळण देऊ शकते, याचे बिंग यांच्याइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल.

मेरी एलेन रुडिन १९४१ मध्ये विद्यापीठात नाव नोंदवावयास आल्या, तेव्हा नोंदणीच्या टेबलापाशी योगायोगाने मूर बसले होते. त्यांनी या मुलीला दोन-चार प्रश्न विचारले आणि आपल्या वर्गात दाखल करून घेतले. त्यानंतर पीएच.डी. मिळेपर्यंतच्या आठ वर्षांत दर सत्रात त्या मूर यांच्याकडे शिकत होत्या. त्या विसाव्या शतकातील श्रेष्ठ टोपॉलॉजीतज्ञांपैकी एक ठरल्या. मूर यांनी आपल्यात अपार आत्मविश्वास निर्माण केला, हे त्यांनी नेहमी मान्य केले. पण त्याचबरोबर, शिक्षण संपले तेव्हा आपण गणिताचे फारच थोडे वाचलेले होते, इतर शाखांची भाषाही आपल्याला ठाऊक नव्हती, ही खंतही त्यांनी बोलून दाखवली. स्वतः शिक्षिका झाल्यावर त्यांनी ही पद्धत वापरली नाही. वाइल्डर यांनी ती वापरली, पण सौम्य करून. खऱ्या गुरूचे शिष्य त्याची नक्कल करत नाहीत, हे या दोघांच्या उदाहरणांतून दिसते.

पद्धतीचे दोष उघडच आहेत. ज्याला स्पर्धा मानवत नाही, जो सावकाश खुलतो, ज्याला चारचौघांत फळ्यापाशी उभे राहण्याचीच धास्ती वाटते, त्याच्यासाठी हा वर्ग कठोर होता. एका वर्षात शिकवता येणारा भागही थोडाच असे. मात्र शिष्य निवडण्याचा, त्यांना वाढवण्याचा आणि नोकरीला लावण्याचा सारा अधिकार एकाच माणसाच्या हाती एकवटला होता. हा दोष सर्वांत गंभीर. त्या माणसाची नजर जेथे स्वच्छ होती, तेथे बिंग आणि रुडिन घडले. जेथे ती नजर पूर्वग्रहाने आंधळी झाली होती, तेथे काय घडले?

टेक्सास विद्यापीठात १९५० पर्यंत कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. हेमन स्वेट या कृष्णवर्णीय अर्जदाराने दिलेल्या न्यायालयीन लढ्यामुळे त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे दार उघडावयास लावले, आणि त्यापाठोपाठ इतर पदव्युत्तर विभागांचीही दारे उघडली. कायदा बदलला, मूर बदलले नाहीत. आपल्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी नको, ही भूमिका त्यांनी लपवली नाही आणि अखेरपर्यंत सोडलीही नाही.

व्हिव्हियन मेलोन-मेज ही टेक्सासमधीलच वेको गावची तरुणी. फिस्क विद्यापीठातून एम.ए. झालेली, महाविद्यालयात गणित शिकवण्याचा काही वर्षांचा अनुभव असलेली. आपल्याच गावच्या बेलर विद्यापीठात तिने १९६१ मध्ये अर्ज केला, तो तिच्या वर्णामुळे फेटाळला गेला. मग ती ऑस्टिनला आली. तेथे पहिल्या वर्गात ती एकटीच कृष्णवर्णीय आणि एकटीच स्त्री होती. मूर यांनी तिला आपल्या वर्गात घेण्यास नकार दिला. एवढेच नव्हे, तर बरोबरच्या विद्यार्थ्यांना सहज मिळणारी अध्यापन-साहाय्यकाची जागाही तिला नाकारण्यात आली. प्राध्यापक आणि विद्यार्थी जेथे कॉफी पीत गणितावर गप्पा मारत, त्या उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना मज्जाव होता.

अध्यापन-साहाय्यकाची जागा नाकारण्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्यात विद्यावेतन बुडते, हे तर झालेच. पण या जागेबरोबर विभागात बसावयास टेबल मिळते, सहकारी मिळतात, प्राध्यापकांशी रोजची ऊठबस होते आणि उद्या नोकरीचा अर्ज करताना सांगावयास अनुभव मिळतो. फळ्यापाशी उभे राहून शिक्षक होण्याची जी तालीम मूर यांच्या लेखी शिक्षणाचा प्राण होती, तीच तिला नाकारली गेली. तरीही मेलोन-मेज यांनी १९६६ मध्ये दुसऱ्या प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी त्या बेलर विद्यापीठात प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्राध्यापक. पाच वर्षांपूर्वी ज्या विद्यापीठाने त्यांना विद्यार्थिनी म्हणून नाकारले होते, तेथे त्यांनी पुढे अनेक वर्षे शिकवले.

मराठी वाचकाला येथे द्रोणाचार्य आणि एकलव्य आठवल्यावाचून राहणार नाहीत. या कथेलाही एक एकलव्य आहे, किंबहुना एकलव्यांची एक परंपराच आहे. त्यासाठी पुन्हा पेनसिल्व्हेनियाकडे वळावे लागेल.

मूर टेक्सासला गेले, तरी त्यांचे पहिले शिष्य जॉन क्लाइन यांनी गुरूचा वारसा पेनसिल्व्हेनियात पुढे चालवला. त्यांनी गुरूची टोपॉलॉजी घेतली, पण पूर्वग्रह घेतला नाही. डडली वुडर्ड यांनी १९२८ मध्ये क्लाइन यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. मिळवली. अमेरिकेत गणितातील ही पदवी मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय होत. वुडर्ड यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गणिताचे पदव्युत्तर शिक्षण सुरू केले. तेथे त्यांच्याकडे शिकलेले विल्यम क्लेटर यांना वुडर्ड यांनी पेनसिल्व्हेनियात क्लाइन यांच्याकडेच पाठवले, आणि १९३३ मध्ये क्लेटर तिसरे कृष्णवर्णीय पीएच.डी. ठरले. क्लेटर यांचे टोपॉलॉजीतील संशोधन इतके दर्जेदार होते, की ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या अग्रगण्य नियतकालिकात ते १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले.

पण पदवी आणि प्रतिभा असूनही त्यांना मोठ्या संशोधन विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. मिशिगन विद्यापीठात, जेथे वाइल्डर प्राध्यापक होते, ते काही काळ संशोधन करत होते. परंतु कायमची जागा त्यांच्या वर्णामुळे त्यांना दिली गेली नाही. गणितज्ञांच्या अधिवेशनाला गेले, तर इतरांबरोबर हॉटेलात उतरण्याचीही त्यांना सोय नव्हती. पुढे ही बंदी उठली, तरी ते पुन्हा अधिवेशनांकडे फिरकले नाहीत. संशोधनही हळूहळू थांबले. एका असामान्य गणितज्ञाला बंद दारांनी असे निस्तेज केले. मूर यांच्या एकट्याचे हे कृत्य नव्हे; त्यांच्यासारख्या अनेकांनी मिळून राखलेल्या व्यवस्थेचे ते फळ होते.

परंतु क्लेटर यांनी शिकवणे थांबवले नाही. पीएच.डी. झाल्यावर प्रथम ते वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेज या कृष्णवर्णीयांच्या छोट्या महाविद्यालयात रुजू झाले होते. तेथे त्यांच्या वर्गात एक कोवळ्या वयाची मुलगी होती. महाविद्यालयात गणिताचे जेवढे म्हणून अभ्यासक्रम होते, ते सारे तिने संपवले. ही मुलगी संशोधक होऊ शकते, हे क्लेटर यांनी ओळखले, आणि खास तिच्यासाठी अवकाशातील वैश्लेषिक भूमितीचा एक नवा अभ्यासक्रम तयार केला. १९३७ मध्ये ती पदवीधर झाली. तिचे नाव कॅथरिन. विवाहानंतर जग तिला कॅथरिन जॉन्सन म्हणून ओळखू लागले. अमेरिकेचा पहिला अंतराळवीर १९६१ मध्ये अवकाशात गेला तेव्हा त्याच्या यानाच्या मार्गाचे, आणि १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आले तेव्हा यंत्राने केलेल्या आकडेमोडीच्या पडताळणीचे काम नासात तिनेच केले. २०१५ मध्ये तिला राष्ट्राध्यक्षांकडून अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २०१६ सालच्या ‘हिडन फिगर्स’ या चित्रपटामुळे तिची कथा आपल्याकडेही घरोघरी पोहोचली.

मूर यांचे शिष्य क्लाइन, क्लाइन यांचे शिष्य क्लेटर, आणि क्लेटर यांची विद्यार्थिनी कॅथरिन जॉन्सन. ज्या माणसाने आपल्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी येऊ दिला नाही, त्याच्या गुरुपरंपरेची एक शाखा अशी या कृष्णवर्णीय स्त्रीपर्यंत पोहोचते. गुरूने शिष्याला शिक्षक बनवले, की पुढे ती विद्या कोणाच्या हाती जाईल, यावर गुरूचे नियंत्रण उरत नाही. ती विद्या पुढच्या शिक्षकाच्या स्वभावाप्रमाणे वाढते. मात्र यावरून दार बंद असण्याचे मोल कमी लेखून चालणार नाही. पेनसिल्व्हेनियात क्लाइन यांच्याऐवजी गुरूसारखाच विचार करणारा कोणी असता, तर ही शाखा फुटलीच नसती.

मूर यांची उत्तरायुष्यातील वर्षे अध्यापनातच गेली. सत्तरी उलटल्यावर विद्यापीठाच्या नियमानुसार वेतन कमी झाले, पण तासिका त्यांनी कमी केल्या नाहीत. साठच्या दशकात त्यांच्या वर्गावर एक माहितीपटही निघाला. १९६९ मध्ये, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले, तेही त्यांच्या मनाविरुद्ध. ४ ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्या वर्षी विद्यापीठाने गणित, भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र विभागांच्या नव्या उंच इमारतीला त्यांचे नाव दिले होते. जवळजवळ अर्धशतक ते नाव त्या इमारतीवर होते. २०२० मध्ये, वर्णभेदाविरुद्ध अमेरिकाभर आंदोलन पेटले असताना, विद्यापीठाने ते काढून टाकले. आता ती इमारत तेथे शिकवल्या जाणाऱ्या विषयांच्याच नावाने ओळखली जाते.

इमारतीवरील नाव गेले, तरी पद्धत राहिली. जिज्ञासेवर आधारित अध्ययन या नावाने तिचे सौम्य, सहकार्याला वाव देणारे रूप आज अमेरिकेतील अनेक विद्यापीठांच्या गणित विभागांत रुळले आहे. आता विद्यार्थी गटागटाने विचार करतात, एकमेकांना विचारतात, पुस्तक पाहण्यावर बंदी नसते. अध्यापन-साहाय्यकांच्या प्रशिक्षणातही आता नुसत्या सूचना देण्यापेक्षा प्रत्यक्ष फळ्यापाशी उभे करून, एकमेकांचे तास पाहून, त्यांवर चर्चा करून शिकवण्याकडे कल वाढला आहे. मूर यांचा ऋणनिर्देश त्यात प्रत्येक वेळी होतोच असे नाही. कदाचित तसे होणेच उचित असेल.

ऑगस्टमध्ये परक्या देशात पहिल्यांदा वर्गासमोर उभ्या राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना मूर यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी घेता येतील. सर्व काही आपणच सांगून टाकण्याची घाई करू नये. थोडे थांबावे, समोरच्याच्या हाती खडू द्यावा आणि त्याला चुकू द्यावे. ही पहिली गोष्ट मूर यांच्याइतकी क्वचितच कोणी जाणली असेल. दुसरी मात्र मेलोन-मेज आणि क्लेटर यांच्याकडून शिकावी लागेल. खडू हाती देण्यासाठी नाव पुकारताना वर्गातील कोणते चेहरे आपल्या नजरेतून सुटतात, याचा हिशोब शिक्षकाने पहिल्या तासापासून ठेवला पाहिजे.